धाकटीच्या नाकात काडी, थोरल्याच्या नाही: दोन्ही डॉक्टर बरोबर कसे?

खानापूर तालुक्यात नंदगडजवळ राहणाऱ्या एका वडिलांचा प्रश्न आहे. ऑगस्टमध्ये त्यांच्या नऊ महिन्यांच्या मुलीला रात्री धाप लागली. बेळगावच्या एका हॉस्पिटलात नेलं, तिथं नाकात काडी घालून टेस्ट केली, थोड्या वेळात ‘आरएसव्ही पॉझिटिव्ह’ म्हणून सांगितलं, दोन दिवस ऑक्सिजनवर ठेवलं आणि अँटिबायोटिकचा एक थेंबही न देता घरी सोडलं. दहा दिवसांनी चार वर्षांच्या थोरल्याला १०२ ताप, खोकला, अंगदुखी. दुसऱ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी टेस्ट केलीच नाही, ‘फ्लूसारखं दिसतंय’ म्हणून घरी पाठवलं. मग पाहुण्यांपैकी कुणीतरी सांगितलं की एकाच काडीत वीस जंतू शोधणारी टेस्ट असते, ती का नाही केली? थोडक्यात प्रश्न असे: दोघांपैकी कोण चुकलं, मोठी टेस्ट करायला हवी होती का, आणि धाकटीची टेस्ट पुन्हा निगेटिव्ह आल्याशिवाय थोरल्याला अंगणवाडीत पाठवावं की नाही.

दोघांतलं कुणीच चुकलेलं नाही. पण ते का, हे सांगायला जरा लांबून सुरुवात करावी लागेल.

गेली बावीस वर्षं मी बेळगावात लहान मुलांच्या कॅज्युअल्टीत काम करतो. पावसाळ्यातली रात्र म्हणजे आमच्याकडे ठरलेलं दृश्य. दोन-अडीच वाजता दार उघडतं, जांबोटीकडून किंवा हुक्केरीकडून आलेलं एखादं कुटुंब, वडिलांच्या अंगावर अजून रेनकोट, बाळ आईच्या शालीत गुंडाळलेलं. ‘डॉक्टर, पोट उडतंय बघा की लेकराचं.’ त्या क्षणी मला व्हायरसचं नाव नको असतं. मला बाळाची छाती बघायची असते.

बाळ आईच्या मांडीवरच राहू देतो. झबलं वर करतो, घड्याळाचा काटा बघतो आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजतो. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. मध्येच भरभर, मध्येच थांबल्यासारखा. रडत असेल तर थांबतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त असेल तर तो जलद श्वास. हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेचे आहेत आणि आपल्या आशाताईंनासुद्धा तेच शिकवलेले असतात. मग बघतो, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय का, नाकपुड्या फुलतायत का, प्रत्येक श्वासाला मान हलतेय का, बाळ कण्हतंय का. पायाच्या अंगठ्याला ऑक्सिमीटर लावतो. पाय पावसानं गार पडलेला असेल तर आधी हातात धरून ऊब देतो, नाहीतर आकडा खोटा येतो. आणि आईला विचारतो, ‘संध्याकाळपासून दूध किती प्यालं? लंगोट शेवटचं कधी ओलं झालं?’

एवढं झालं की बाळाला ठेवायचं की पाठवायचं, याचं उत्तर बहुतेक वेळा मिळालेलं असतं. काडी अजून पाकिटातच असते.

तुमच्या मुलीला ऑक्सिजन टेस्टमुळे लावला नाही. ऑक्सिजनचा आकडा खाली गेला असणार आणि श्वासाला जोर पडत असणार, म्हणून लावला. टेस्ट निगेटिव्ह आली असती तरी लावलाच असता. मग टेस्ट केली कशाला? बहुधा तिला कुठल्या खाटेवर झोपवायचं ते ठरवायला. वॉर्डमध्ये शेजारच्या खाटेवर एखादं हृदयाला छिद्र असलेलं बाळ असेल, कमी दिवसांचं जन्मलेलं असेल, तर त्याच्या शेजारी आरएसव्हीचं बाळ ठेवून चालत नाही. हा विषाणू खाटेच्या कठड्यावर, खेळण्यावर काही तास टिकतो आणि हातावरून जातो. एकाच व्हायरसची मुलं एका खोलीत ठेवणं, दोन बाळांमध्ये नर्सनं हात धुणं, यासाठी ती वीस मिनिटांची टेस्ट खरोखर उपयोगी आहे. पालकांना हे कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

आरएसव्ही म्हणजे काय, हेही सांगतो, कारण डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत नुसती अक्षरं असतात. हा सर्दीचाच विषाणू आहे. १९५६ मध्ये तो पहिल्यांदा सापडला तो माणसात नव्हे, प्रयोगशाळेतल्या चिंपांझींमध्ये. धडधाकट मोठ्या माणसाला त्याने बहुधा फक्त नाक गळतं. दोन वर्षांची होईपर्यंत जवळजवळ सगळ्याच मुलांना तो एकदा तरी गाठतो. वर्षाच्या आतल्या बाळाच्या फुफ्फुसातल्या शेवटच्या नळ्या मात्र इतक्या बारीक असतात की थोडी सूज आली, थोडा चिकट स्राव साठला की हवा आत-बाहेर करायला बाळाला कष्ट पडतात. याला ब्रॉन्किओलायटिस म्हणतात. आजी याला बाळदमा म्हणतात, पण हा दमा नव्हे. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी तो सगळ्यांत जोरात असतो आणि मग उतरतो. त्याच्यावर खास औषध नाही. नाक साफ ठेवणं, थोडं थोडं दूध, लागला तर ऑक्सिजन, फारच झालं तर नळीने दूध किंवा सलाईन. अमेरिकेच्या बालरोग अकादमीने २०१४ मध्ये या आजारावर जी मार्गदर्शक सूचना काढली, ती वाचली तर गंमत वाटते. निम्मी यादी ‘हे करू नका’ अशीच आहे. सरसकट एक्स-रे नको, श्वासनळ्या उघडणाऱ्या सालब्युटामॉलची वाफ नको, स्टेरॉइड नको, अँटिबायोटिक नको, आणि व्हायरसची टेस्टही सरसकट नको. तुमच्या मुलीच्या डॉक्टरांनी काहीच ‘दिलं नाही’ असं तुम्हाला वाटलं, ते खरं तर त्यांनी नीट काम केल्याचं लक्षण आहे. तसं करायला धीर लागतो. अडीच वाजता वाफेचं मशीन लावून देणं सोपं असतं.

आता थोरल्याकडे येऊ. ऑगस्ट-सप्टेंबर, ताप, कोरडा खोकला, अंग दुखतंय, पण ताप उतरल्यावर पोरगं उठून खेळतंय. पावसाळ्यात आपल्याकडे फ्लू फिरत असतो, दुसरी लाट जानेवारी ते मार्चमध्ये येते. अशा मुलाला टेस्ट करून काय कळणार? फ्लू आहे हे कळणार, आणि तो तर अंदाज आधीच आहे. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला आणि बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यातसुद्धा लोक घाबरून टेस्टसाठी रांगा लावायला लागले. तेव्हा केंद्र सरकारने रुग्णांचे तीन गट केले, ते आजही आम्ही वापरतो. ए गट म्हणजे साधा ताप-खोकला. टेस्ट नको, ऑसेल्टामिविर हे फ्लूचं औषध नको, घरी राहा, एक-दोन दिवस लक्ष ठेवा. बी गट म्हणजे जास्त ताप आणि घसा फार दुखणं, किंवा आधीपासून दमा, हृदयाचा आजार वगैरे असणं. औषध गरजेनुसार, पण टेस्ट तरीही नको. सी गट म्हणजे धाप, गुंगी, झटके, खाणं-पिणं बंद, नखं निळी पडणं. ॲडमिट, टेस्ट आणि औषध, तिन्ही लगेच. तुमचा मुलगा ए गटातला, फार तर बी. दुसऱ्या डॉक्टरांनी काडी काढली नाही ती म्हणून.

माझा नियम साधा आहे. टेस्ट करण्याआधी मी शेजारच्या ज्युनिअरला विचारतो, ‘पॉझिटिव्ह आली तर काय करशील? निगेटिव्ह आली तर काय करशील?’ दोन्हींचं उत्तर एकच असेल तर काडी फोडायची नाही.

आता टेस्टच्या खरेपणाबद्दल, कारण सगळा घोळ इथेच होतो. कॅज्युअल्टीत जी पट्टी वापरतात ती अँटिजेन टेस्ट. कोरोनात सगळ्यांनी बघितलेली, प्रेग्नन्सी टेस्टसारख्या दोन रेषांची. फ्लूसाठी ही पट्टी शंभर खऱ्या रुग्णांतले साधारण ५० ते ७० पकडते, बाकीचे निसटतात. ज्याला फ्लू नाही त्याला ती क्वचितच खोटं पॉझिटिव्ह दाखवते. आरएसव्हीसाठी लहान मुलांत तिचं काम बरं आहे, शंभरातले ८० च्या आसपास सापडतात, कारण बाळाच्या नाकात विषाणू भरपूर असतो. मोठ्यांत हीच पट्टी फारशी कामाची नाही.

हिशोब करून बघा. समजा ऐन पावसाळ्यात ताप-खोकल्याची शंभर मुलं आली आणि त्यातल्या ४० जणांना खरंच फ्लू आहे. पट्टी शंभरात ६० पकडते असं धरलं तर २४ सापडतील आणि १६ निसटतील. उरलेल्या ६० जणांत, शंभरात पाच या हिशोबाने, तीनेक खोटे पॉझिटिव्ह. म्हणजे ज्यांना ‘निगेटिव्ह’ म्हणून घरी पाठवलं त्या ७३ मुलांत १६ जणांना फ्लू होता. आता हाच हिशोब एप्रिल-मे मध्ये करा, जेव्हा फ्लू जवळजवळ नसतो. हजार मुलांत २० जणांना फ्लू. पट्टी १२ पकडेल आणि बाकीच्या ९८० मध्ये ४९ खोटे पॉझिटिव्ह दाखवेल. म्हणजे पाच पॉझिटिव्हमधला एकच खरा. पट्टी तीच, कंपनी तीच, महिना बदलला आणि रिपोर्टचा अर्थच बदलला. म्हणून सीझनमध्ये निगेटिव्हवर विसंबायचं नाही आणि सीझन नसताना पॉझिटिव्हवर लगेच उडी मारायची नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. २००९ नंतरच्या एका हंगामात दमा असलेलं एक पाच वर्षांचं पोर माझ्याकडे आलं होतं. ताप चढलेला, श्वास वाढलेला. पट्टी निगेटिव्ह आली आणि मी ऑसेल्टामिविर सुरू केलं नाही. ‘निगेटिव्ह आहे ना,’ असं मीच त्याच्या आईला सांगितलं. दोन दिवसांनी ते परत आलं ते ऑक्सिजन लागेल अशा अवस्थेत, आणि लॅबला पाठवलेल्या पीसीआर या जास्त अचूक टेस्टमध्ये फ्लू निघाला. पोर वाचलं, चौथ्या-पाचव्या दिवशी हसायला लागलं. पण ऑसेल्टामिविरचा सगळ्यांत जास्त उपयोग पहिल्या ४८ तासांत होतो, आणि ते तास मी एका पट्टीवर विश्वास ठेवून घालवले होते. तेव्हापासून धोक्यातल्या मुलाला सीझनमध्ये फ्लूचा संशय आला तर मी औषध आधी सुरू करतो, टेस्ट नंतर. पट्टी निगेटिव्ह आली म्हणून ते बंद करत नाही.

टेस्ट चुकण्याचं अर्धं कारण काडी घेणाऱ्याच्या हातात असतं. नाकपुडीच्या तोंडाशी काडी फिरवून काढली की बाळ रडतं, आईचं समाधान होतं, आणि पट्टीला काही मिळत नाही. काडी सरळ मागे, कानाच्या दिशेने आडवी जायला हवी, वर कपाळाकडे नव्हे. नाकपुडी ते कान यांच्यातलं साधारण निम्मं अंतर. तिथं अलगद टेकवून काही सेकंद ठेवायची, फिरवायची, मग काढायची. आईने बाळाचं डोकं आपल्या छातीशी धरायचं, एका हाताने कपाळ, दुसऱ्याने दोन्ही हात. नाक भरलेलं असेल तर वरवरचा शेंबूड आधी पुसायचा. एवढं केलं तर रडणं अर्ध्या मिनिटाचं असतं.

दुसरं कारण आमच्या हवेचं. खानापूरच्या पश्चिमेकडे, कणकुंबीच्या बाजूला जुलैत भिंतीला हात लावला तरी पाणी लागतं. पट्टीच्या पाकिटात ओल शोषणारी छोटी पुडी असते. पाकीट आधीच फोडून ठेवलं, पट्ट्या टेबलावर मांडून ठेवल्या, की त्या ओल धरतात. शिवाय रेषा ठरलेल्या वेळेतच वाचायची, बहुतेक पट्ट्यांना पंधरा मिनिटं. एका रात्री आमची पट्टी खिडकीत तशीच राहिली, गर्दीत कुणी बघितलीच नाही. तासाभराने सिस्टर धावत आल्या, ‘सर, दुसरी लाइन उठलीय!’ फिकट, राखाडी, रेषा म्हणावी की डाग म्हणावा अशी. आम्ही ती फेकून दिली आणि नवी काडी घेतली. दुसरी पंधराव्या मिनिटाला स्वच्छ निगेटिव्ह होती. उशिरा उठलेली रेषा ही रेषा नसते.

आता अँटिबायोटिकचं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आम्हाला सगळ्यांनाच वाटायचं की व्हायरसची झटपट टेस्ट आली की अँटिबायोटिक आपोआप कमी होईल. रिपोर्ट दाखवला की विषय संपला! तसं झालं नाही. कॉक्रेन या अभ्यासगटाने २०१४ मध्ये इमर्जन्सीतल्या मुलांवरचे चार प्रयोग एकत्र तपासले, दीड हजाराहून जास्त मुलं. टेस्ट केलेल्या मुलांत एक्स-रे कमी निघाले, हे खरं. पण अँटिबायोटिक नक्की कमी झालं असं म्हणता आलं नाही, आणि इमर्जन्सीतला वेळही वाचला नाही. फिनलंडमध्ये औलू इथं बाराशेवर मुलांवर झालेला प्रयोग २०२२ मध्ये छापून आला, तिथं तर बरेच जंतू एकदम शोधणारी टेस्ट होती. अँटिबायोटिक मिळालेल्या मुलांचं प्रमाण टेस्टच्या गटात २७ टक्के, दुसऱ्या गटात २८ टक्के. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये २०२१ चा प्रयोग अजून मजेशीर आहे. काडी सगळ्यांच्याच नाकात घातली, पण निकाल निम्म्याच मुलांच्या डॉक्टरांना आणि पालकांना दाखवला. ज्यांना निकाल दाखवला त्यांच्यात अँटिबायोटिक थोडं जास्तच लिहिलं गेलं.

का? माझा अंदाज असा. टेस्ट निगेटिव्ह आली की डॉक्टरच्या मनात येतं, ‘व्हायरस नाही म्हणजे मग बॅक्टेरिया असेल.’ हा तर्क चुकीचा आहे, कारण पट्टी दोन-तीनच व्हायरस बघते आणि त्यातलेही बरेच सोडते. पण तो तर्क मोहात पाडतो. आणि पॉझिटिव्ह आली तरी मनात पाल चुकचुकते, ‘वरून बॅक्टेरियापण झालं असेल तर?’

आपल्याकडे त्यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती परदेशातल्या अभ्यासात नसते. बापाने दिवसाची हजेरी बुडवलेली असते, दोनशे रुपयांचं पेट्रोल जाळलेलं असतं. त्याला सांगितलं की ‘काही नाही, व्हायरल आहे, घरी जा’, तर त्याला ते फसवल्यासारखं वाटतं. ‘एवढ्या लांबनं आलोय डॉक्टर, काहीतरी पावरफुल लिहून द्या की.’ कबूल करतो, अशा वेळी टेस्टचा कागद मला कधी कधी कामाला आला आहे. सासूबाईंना दाखवायला सुनेच्या हातात काहीतरी हवं असतं. पण तो कागदसुद्धा नीट समजावून द्यावा लागतो. रिपोर्ट इंग्रजीत, हॉस्पिटलची पाटी कन्नडमध्ये, घर मराठी. २०२० नंतर ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द ऐकला की आजी पदर तोंडाला लावून चार पावलं मागे सरकते. निपाणीच्या एका कुटुंबाने नातवाचा आरएसव्ही पॉझिटिव्ह रिपोर्ट ऐकून घर पुसून काढलं आणि आजोबांना शेतातल्या खोलीत हलवलं होतं. म्हणून मी आता ‘पॉझिटिव्ह’ म्हणतच नाही. ‘सर्दीचा विषाणू सापडला, अँटिबायोटिक त्याला लागू पडत नाही’ असं कार्डाच्या पाठीमागे मराठीत दोन ओळी लिहून देतो. दहा सेकंद जातात.

पाहुण्यांनी सांगितलेली मोठी टेस्ट, म्हणजे मल्टिप्लेक्स पीसीआर. साधारण तासाभरात पंधरा-वीस जंतूंची यादी देते आणि खर्च हजारोंच्या घरात. अतिदक्षता विभागातल्या मुलासाठी, कॅन्सरची औषधं चालू असलेल्या मुलासाठी तिला मोल आहे. कॅज्युअल्टीतून घरी जाणाऱ्या मुलासाठी ती म्हणजे डास मारायला तोफ, आणि तोफेचा गोळा कुठं पडेल सांगता येत नाही. कारण ती टेस्ट विषाणूचे तुकडेही पकडते. साध्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस मागच्या महिन्याच्या सर्दीतला उरलेला असू शकतो. ठणठणीत मुलांच्या नाकातही तो बऱ्याचदा सापडतो. मग रिपोर्टवर तीन नावं येतात आणि आजच्या तापाचा धनी कोण हे कुणालाच कळत नाही. पावसाळ्यात तर यात धोका आहे. फ्लू पॉझिटिव्ह आलं म्हणून डेंग्यू नाही असं होत नाही. तीन-चार दिवस उतरत नसलेला ताप, पोटात दुखणं, सतत उलट्या, अंगावर लाल ठिपके, तर नाकातल्या काडीचा रिपोर्ट बाजूला ठेवून रक्त तपासायचं.

दोन महिन्यांच्या आतलं बाळ ही वेगळी गोष्ट आहे, आणि इथे मी अजिबात ढिलाई करत नाही. त्याचा ताप १००.४ किंवा त्याच्या वर गेला की रात्र असो, पाऊस असो, दवाखाना गाठायचाच. अशा बाळाला आरएसव्ही सापडला तर बॅक्टेरियाच्या गंभीर जंतुसंसर्गाची शक्यता कमी होते, पण संपत नाही. अमेरिकेत बाराशेवर तापाच्या तान्ह्या बाळांचा एक अभ्यास २००४ मध्ये छापून आला. आरएसव्ही पॉझिटिव्ह बाळांमध्येही ५ टक्क्यांच्या आसपास बाळांना लघवीचा जंतुसंसर्ग निघाला. म्हणून काडी पॉझिटिव्ह आली तरी आम्ही लघवी तपासतोच. शिवाय इतकं लहान बाळ आरएसव्हीत न धापता अचानक श्वास थांबवू शकतं. कधी कधी पहिलं लक्षण तेच. दूध पिताना निळं पडलं, क्षणभर श्वास थांबला असं आई सांगत असेल, तर बाळ आता गोड दिसत असलं तरी मी त्याला रात्रभर ठेवून घेतो.

ऊसतोडीच्या हंगामात चिकोडी-अथणीकडून येणारी मुलं मला जास्त काळजीत टाकतात. कोपीत, म्हणजे मजुरांच्या पाचटाच्या झोपडीत, चुलीचा धूर, बाहेर जळणारा पाला, आणि आई पहाटे फडात. मूल आजारी आहे हे दोन दिवस कुणाच्या नीट लक्षातच येत नाही. अशा मुलाला मी काडी घालत बसत नाही, श्वास मोजतो आणि ॲडमिट करायला हात सैल ठेवतो, कारण ‘उद्या परत या’ हे वाक्य त्या आईच्या उपयोगाचं नसतं. सारख्याच आजारी दोन मुलांपैकी शहरातलं घरी जाईल आणि कोपीतलं वॉर्डमध्ये राहील. दोघांचा ऑक्सिजन ९३ असला तरी.

घरी करायच्या गोष्टी थोडक्यात. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, दुधाआधी. तेल नाही, तेल नाकातून फुफ्फुसात उतरतं आणि त्याचा वेगळाच न्यूमोनिया होतो, मी तो पाहिला आहे. ओव्याच्या पुरचुंडीने शेकायचं असेल तर ती आधी स्वतःच्या गालाला लावून बघा. तापाला वजनानुसार पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन कधीही नाही. वर्षाच्या आत मध नाही. सर्दी-खोकल्याचं सिरप नको. क्लोरफेनिरामिन-फिनाइलेफ्रिनच्या मिश्रणावर चार वर्षांखाली देऊ नये अशी सूचना छापण्याचा आदेश देशाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरातच दिला होता. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात विषारी सिरपने मुलं दगावली, आणि केंद्राने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याचं सिरप नको. मेडिकलवाला ओळखीचा असला तरी मागू नका. आणि परत कधी यायचं? दूध निम्म्यावर आलं, बारा तास लंगोट कोरडं, श्वास वर सांगितलेल्या आकड्याच्या पुढे, छाती आत ओढली जातेय, बाळ उठवूनही उठत नाही, ओठ निळे. थोरल्याच्या बाबतीत आणखी एक: ताप जाऊन दोन दिवस बरं वाटलं आणि मग ताप परत चढला, तर तेव्हा बॅक्टेरियाचा विचार करायचा. तेव्हा अँटिबायोटिक लागू शकतं आणि तेव्हा ते जरूर द्यावं. लांब असाल तर १०८ ला फोन करा. जीपवाला मिळायची वाट बघू नका.

राहिला अंगणवाडीचा प्रश्न. धाकटीची टेस्ट पुन्हा करू नका. पीसीआर केली तर बाळ खेळायला लागल्यावरही कित्येक दिवस पॉझिटिव्ह येऊ शकते आणि त्याचा अर्थ काहीच नसतो. तिचा खोकलासुद्धा दोन-तीन आठवडे रेंगाळेल, तो रेंगाळतोच. थोरल्याचा ताप औषधाशिवाय चोवीस तास गेला असेल आणि तो नेहमीसारखा जेवत असेल, तर सोमवारी पाठवा. अंगणवाडीच्या बाईंनी निगेटिव्ह रिपोर्ट मागितला तर हे उत्तर त्यांना वाचून दाखवा, आणि त्यांनाही सांगा की जेवणाआधी मुलांचे हात धुवायला साबण ठेवा.